कॅम्पारीत साखर ओतू नका, आणि इटालियन अमारोच्या बाबतीतल्या बाकीच्या चुका

अमारो म्हणजे वनस्पती मुरवून केलेली इटलीची कडू-गोड दारू, आणि लाल कॅम्पारी ही त्याच घरातली. तर सगळ्यात कॉमन चूक आधी सांगून टाकतो, साखर. घरी कॅम्पारीची बाटली येते, तो लालभडक रंग बघून सगळ्यांना वाटतं गोड असणार, पहिला घोट जातो आणि तोंडं वाकडी होतात, मग कोणीतरी किचनमधून शुगर सिरप आणतं नाहीतर सरळ स्प्राइट ओततं, आणि तरी कडू लागतंय म्हणून अजून ओततं. त्याने काही होत नाही हो. कॅम्पारी मुळातच गोड आहे. युरोपात एखाद्या दारूला लिकर म्हणून विकायचं तर लिटरमागे साधारण 100 ग्रॅम तरी साखर लागते, आणि बरेचसे अमारो त्याच्या वर असतात. गोडवा घोटाच्या सुरुवातीला लागतो आणि कडूपणा गिळल्यानंतर मागे घशाशी येतो, त्यामुळे तुम्ही वरून कितीही साखर घातली तरी तो मागचा कडूपणा तिथेच बसून राहतो आणि तोंडात वर चिकट चिकट होतं ते वेगळंच.

कडूपणा आवरायचा तर तीन गोष्टी हाताशी ठेवा, पाणी, आंबट आणि मीठ. पाणी म्हणजे सोडा किंवा नीट वितळलेला बर्फ. आंबट म्हणजे लिंबू, संत्रं, अननस. आणि मीठ हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, पण ते सगळ्यात भारी काम करतं. 20 ग्रॅम मीठ 80 मिली पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवा आणि कॉकटेलमध्ये 2-3 थेंब टाका, ड्रिंक खारट लागत नाही पण कडूपणाची धार कमी होते आणि संत्र्याचा वास पुढे येतो. कारल्याला मीठ चोळून ठेवतो तेव्हा त्याचं पाणी सुटून कडू रस निघून जातो, इथे तसं नाहीये, इथे मीठ थेट जिभेवर काम करतं, कडू चव जाणवायचीच कमी होते. विश्वास नसेल तर दोन ग्लासात कॅम्पारी सोडा करा, एकात मिठाचे थेंब टाका आणि बघा.

आधी चव घ्यायला शिका, मिक्स नंतर

फ्रीझरमधून काढलेली बाटली थेट ग्लासात ओतून चव घेऊ नका. थंडीने वास दबतो, गोडवाही दबतो, मग उरतं काय तर कडू. पहिल्यांदा एखादा अमारो समजून घ्यायचा असेल तर रूम टेंपरेचरला, छोट्या ग्लासात 15-20 मिली, बर्फ नाही काही नाही. आता नागपुरात मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे काय असतं ते मला माहितीये, तेव्हा बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको. याला अपवाद आहे तो दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियाचा व्हेक्यो अमारो देल कापो, तो गोठवलेल्या ग्लासात एकदम बर्फगार प्यायचा असंच ते लोक सांगतात आणि तो तसाच छान लागतो, 35 टक्के असल्यामुळे फ्रीझरमध्ये गोठतही नाही.

दुसरं, पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. पहिला घोट म्हणजे जिभेला नुसता धक्का असतो, तिला कडू म्हणजे विष असंच वाटतं. अर्धा मिनिट थांबा, दुसरा छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा, मग कळतं की संत्र्याची साल आहे, कुठे लवंग-दालचिनीसारखं काही आहे, कुठे पुदिना, कुठे केशर. मग उरलेल्यात तेवढाच सोडा घाला आणि परत वास घ्या. सोड्याने बरेच दबलेले वास मोकळे होतात, मला तर वाटतं अमारोची खरी परीक्षा नुसता पिऊन होतच नाही, सोड्यात होते.

क्रमाचं काय. लोक बारमध्ये जाऊन पहिलाच शॉट फर्नेट-ब्रांका या फार कडू अमारोचा मारतात कारण इन्स्टावर बारटेंडर तेच पिताना दिसतात, आणि मग पुढचा तासभर काहीही प्या, सगळं फर्नेटच लागतं. 39 टक्के अल्कोहोल, 27 वनस्पती, गोडवा फारच कमी, ही शेवटची बाटली आहे, पहिली नाही. घरी चार मित्रांत टेस्टिंग करायचं असेल तर अपेरोल (11 टक्के) आधी, मग मोंतेनेग्रो (23), मग अव्हेर्ना (29), त्यानंतर कॅम्पारी (25) आणि सगळ्यात शेवटी फर्नेट. इथे टक्क्यांपेक्षा कडूपणा बघायचा, म्हणून तर अव्हेर्ना कॅम्पारीच्या आधी आली. कडू चव जिभेवर साठत जाते, नुसत्या पाण्याने जात नाही, मध्ये साधा पाव किंवा पोळीचा तुकडा चावा, मसाला शेंगदाणे आणि शेव बाजूला ठेवा. एका बैठकीत चार-पाचाच्या वर जाऊ नका, पुढचं काही कळत नाही, आणि 15-15 मिली म्हटलं तरी पाच झाले की 75 मिली दारू पोटात गेलेली असते हे लक्षात ठेवा.

आणि एक चूक मला खरंच खटकते. कॅम्पारी आवडली नाही म्हणून "मला अमारो आवडत नाही" असं जाहीर करून मोकळं होणं. अरे इटलीत वीसेक मैलांवर अमारो बदलतो! सिसिलीतल्या काल्तानिसेत्ताची अव्हेर्ना, 1868 पासूनची, ती गडद, संत्र्याची, कॅरॅमलकडे झुकणारी, कडूपणा असूनही एकदम सौम्य. बोलोन्याचा मोंतेनेग्रो 1885 चा, त्यात 40 वनस्पती आहेत म्हणतात, वासाला फुलं आणि संत्रं, गोडाकडे जाणारा, ज्याला कॅम्पारी झेपत नाही त्याला मी हाच देतो. मग वर आल्प्समध्ये बोर्मिओचा ब्राउलिओ, 1875 चा, फक्त 21 टक्के, पण त्यात डोंगरातल्या झाडपाल्याचा, पाइनसारखा वास इतका आहे की आपल्या गावाकडच्या वैद्यांना आवडेल. मिलानचा रामाझोत्ती 1815 चा, या सगळ्यांत म्हातारा. आणि चिनार, 1952 मध्ये आला, 16.5 टक्के, बाटलीवर आर्टिचोकचं चित्र, लोक घाबरतात की भाजीची चव येणार, तसं काही नाही, मातकट-गोडसर चव आहे आणि सोड्यात घातली की फारच छान लागते. या सगळ्यांना एका कॅम्पारीवरून नापास करायचं म्हणजे काय.

कडूपणा येतो कशातून तर मुख्य म्हणजे जेन्शियनचं मूळ, मग सिंकोनाची साल (क्विनाइनवाली), वर्मवूड, रेवंदचिनीच्या जातीतलं ऱ्हुबार्ब, कडू संत्र्याची साल. आजीने ज्यांना लहानपणी काडेचिराईताचा काढा पाजलाय त्यांना जेन्शियन लगेच ओळखू येईल, दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. अशा लोकांना अमारो पटकन आवडतो असं माझं निरीक्षण आहे, शास्त्र नाही.

बिटर्स आणि अमारो एक नाही

हा गोंधळ रेसिपी वाचताना होतो. अँगोस्टुरा बिटर्स 44.7 टक्क्यांचं असतं आणि ते थेंबाथेंबाने वापरतात, मसाल्यासारखं. कॅम्पारी, अव्हेर्ना हे ग्लासात ओतून प्यायचे. रेसिपीत कॅम्पारी 30 मिली लिहिलंय आणि घरात कॅम्पारी नाही म्हणून कोणी अँगोस्टुरा 30 मिली घातलं तर ते ड्रिंक कोणाला पिता येणार नाही. उलटही होतं, ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये दोन थेंब बिटर्सच्या जागी दोन थेंब कॅम्पारी टाकतात, मग विचारतात फरक का पडला नाही.

निग्रोनी बिघडते ती बहुतेक वेळा व्हर्मूथमुळे

निग्रोनी या कॉकटेलवर जरा जास्त बोलतो कारण घरी सगळ्यात जास्त बनते आणि सगळ्यात जास्त बिघडते ती हीच. जिन 30 मिली, कॅम्पारी 30, गोड लाल व्हर्मूथ 30, एवढंच. फ्लॉरेन्सच्या काउंट कामिल्लो निग्रोनीने 1919 च्या सुमारास अमेरिकानोमध्ये (कॅम्पारी, व्हर्मूथ आणि सोडा) सोड्याऐवजी जिन मागितली आणि हे तयार झालं अशी गोष्ट सांगतात. तीनच वस्तू असल्यामुळे लपवायला जागा नाही.

व्हर्मूथ ही वाइन आहे हो! वनस्पती घातलेली, थोडी स्पिरिट घालून 15-18 टक्क्यांवर नेलेली, पण वाइनच. बाटली उघडली की ती बिघडायला लागते. आपल्याकडे होतं काय की व्हर्मूथ महाग मिळते, मग एक बाटली वर्षभर पुरवायची, तीही व्हिस्कीच्या शेजारी शेल्फवर, मुंबईच्या दमट उकाड्यात. तीन-चार महिन्यांनी तिला शिळ्या मनुकांचा आणि व्हिनेगरचा वास येतो आणि दोष कॅम्पारीला मिळतो. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची, झाकण घट्ट, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. संपत नसेल तर छोटी बाटली घ्या, किंवा उघडल्या दिवशीच अर्धी छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा म्हणजे हवा कमी लागते. आणि शंका आली तर आधी व्हर्मूथ नुसती चाखून बघा, ती नुसती चांगली लागत नसेल तर निग्रोनीतही लागणार नाही.

दुसरं म्हणजे बर्फ. फ्रिजच्या ट्रेमधले छोटे, अर्धवट गोठलेले, कडेने पाणी सुटलेले खडे टाकले की ड्रिंक थंड व्हायच्या आधीच पाणचट होतं. मोठे खडे, एकदम घट्ट गोठलेले, फ्रीझरमधून काढून लगेच. आणि बर्फाला मच्छीचा किंवा कांद्याचा वास नको, डब्यात झाकून ठेवा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

निग्रोनी शेकरमध्ये घालून हलवू नका. ज्यात रस, दूध, अंडं नाही ते ढवळायचं. शेक केलं की हवेचे बुडबुडे येतात, गढूळ होतं, पाणीही जास्त जातं. बर्फ भरून 25-30 सेकंद ढवळा, मग चाखा. फार कडू आणि टोचतंय? अजून दहा सेकंद ढवळा, बऱ्याचदा पाणीच कमी पडलेलं असतं, लोक इथे पॅनिक होऊन साखरेकडे धावतात. फार गोड लागतंय? जिन 40-45 करा, बाकीचं तेच ठेवा. कडू झेपतच नाहीये? कॅम्पारी 20 करा आणि ते दोन थेंब मीठ. पाणचट झालं तर मात्र इलाज नाही, नवीन बनवा.

वरची साल. लिंबाची फोड पिळू नका, निग्रोनीत आंबट नको असतं, सालीतलं तेल हवं असतं. नागपुरी संत्र्याची साल ढिली आणि मऊ, तिची पट्टी नीट निघत नाही आणि वासही वेगळा, खायला जगात भारी पण इथे थोडी कमी पडते. जाड सालीचं माल्टा किंवा इंपोर्टेड ऑरेंज घ्या, त्यावर मेणाचा थर असतो म्हणून कोमट पाण्याने चोळून धुवा, पीलरने पट्टी काढा, आतला पांढरा भाग शक्य तेवढा कमी, ग्लासावर चिमटा म्हणजे तेल उडतं, आणि आत टाका.

स्प्रिट्झ

इथे थोडक्यात. प्रोसेको (इटलीची स्पार्कलिंग वाइन) 90, अपेरोल 60, सोडा 30, मोठा वाइन ग्लास काठोकाठ बर्फाने भरलेला. कमी बर्फ म्हणजे जास्त वितळतो, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. सोड्याच्या जागी स्प्राइट नाही, टॉनिक नाही. प्रोसेको मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर नाशिककडची स्पार्कलिंग वाइन मस्त चालते, फक्त लेबलवर ब्रूट (म्हणजे गोड नसलेली) लिहिलेली घ्या, गोड घेतली तर अपेरोलच्या गोडव्यावर गोडवा चढतो. आणि अपेरोल नाही म्हणून कॅम्पारी तेवढीच ओतू नका, अपेरोल 11 टक्के आहे आणि कॅम्पारी देशाप्रमाणे 20.5 ते 28.5 च्या मध्ये कुठेही (इटलीत 25), कडूपणा तर किती पट. 60 च्या जागी 30-40 पुरे, सोडा वाढवा.

निग्रोनीची हलकी बहीण हवी असेल तर जिनच्या जागी स्पार्कलिंग वाइन. मिलानच्या बार बासोमध्ये 1972 मध्ये मिर्को स्तोक्केत्तोच्या हातून जिनऐवजी चुकून स्पार्कलिंग वाइन ओतली गेली म्हणे आणि लोकांना ती इतकी आवडली की मेनूवर कायमची बसली. म्हणजे सगळ्याच चुका टाळायच्या असं काही नाही.

एका अमारोच्या जागी दुसरा

हे करता येतं, पण डोळे मिटून नाही. पेपर प्लेन हे कॉकटेल घ्या, सॅम रॉस या बारटेंडरचं, बर्बन (अमेरिकन व्हिस्की), अपेरोल, अमारो नोनीनो आणि लेमनचा रस, चारही सारखे. नोनीनो ग्राप्पावर (द्राक्षांच्या चोथ्याची दारू) बनलेला, 35 टक्क्यांचा, आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. मोंतेनेग्रो घाला, चालतं, थोडं गोड होईल म्हणून लिंबू किंचित वाढवा. अव्हेर्नाही चालेल, जड होईल. फर्नेट घातली तर ड्रिंक संपलं. तसंच लेमनच्या जागी आपलं कागदी लिंबू वापरताय तर ते जास्त तिखट आंबट असतं, थोडं कमी घ्या आणि रस त्याच वेळी पिळा, सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी स्वतःच कडवट लागतो आणि इथे कडवट आधीच भरपूर आहे.

ब्लॅक मॅनहॅटन हे अमारो शिकायला सगळ्यात सोपं, राय व्हिस्की 60, अव्हेर्ना 30, बिटर्सचे दोन थेंब, ढवळायचं. यात व्हर्मूथच नाही, म्हणजे बिघडायचा प्रश्नच मिटला. अव्हेर्नाच्या जागी रामाझोत्ती, मोंतेनेग्रो, अगदी चिनारही घालून बघा, प्रत्येक वेळी नवीन ड्रिंक होतं.

फर्नेट मात्र चमच्याने. हँकी पँकी हे कॉकटेल लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये एडा कोलमनने केलेलं, जिन आणि गोड व्हर्मूथ, त्यात फर्नेट फक्त दोन शिंतोडे, बास. टोरोंटो नावाच्या कॉकटेलमध्ये 60 राय व्हिस्कीला फर्नेट 7.5 मिली आणि तेवढंच सिरप. घरी लोक एकदम 30 ओततात आणि माउथवॉश झालं म्हणतात, होणारच. भरपूर फर्नेट प्यायचीच असेल तर अर्जेंटिनासारखी कोकमध्ये प्या, साधारण 30 टक्के फर्नेट, 70 टक्के कोक, भरपूर बर्फ, ग्लास तिरका धरून हळूहळू, फेस फार येतो, एकदम ओतलं तर अर्धं टेबलावर.

आता साखर नको म्हटलं मी, पण जंगल बर्डमध्ये ती लागते. 1970 च्या दशकातलं क्वालालंपूरच्या हिल्टनचं ड्रिंक, डार्क रम 45, कॅम्पारी 20-22, अननसाचा रस 45, लिंबू 15, साखरेचं सिरप 15. इथे सिरप कडूपणासाठी नाही, लिंबाच्या आंबटाला तोलायला आहे. अननसाचा रस ताजा काढा, पॅकेटमधला आधीच साखर घातलेला असतो, तो वापरायचा तर सिरप निम्मं करा नाहीतर वगळा. कडू आवडत नाही म्हणणाऱ्यांना कॅम्पारीची ओळख करून द्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही, निग्रोनी हातात देऊन त्यांना पळवून लावू नका.

बाकीचं

जेवणानंतर अमारो पितात म्हणून ते औषध आहे असं काकांना सांगू नका. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात फर्नेट औषध म्हणून दुकानात विकली गेली हे खरं, पण आत 39 टक्के अल्कोहोल आहे, ॲसिडिटी असलेल्याने त्यावर पचन सुधारायला जाऊ नये. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारा. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय 25 आणि परवाना लागतो, आणि परदेशातून येताना ड्युटी फ्रीमधून माणशी 2 लिटरच आणता येते, त्यामुळे बॅगेत काय भरायचं ते आधी ठरवा, माझं मत विचाराल तर कॅम्पारी-अपेरोल इथेही मिळतात, तिथून ब्राउलिओ नाहीतर नोनीनो आणा.

अमारोच्या उघड्या बाटलीला फ्रिज लागत नाही, अल्कोहोल आणि साखर तिला सांभाळतात, फक्त उन्हात, खिडकीत शोभेला ठेवू नका, वास आणि रंग दोन्ही उतरतात. वाइनवर बनलेले कार्दामारो, काप्पेल्लेत्ती हे मात्र व्हर्मूथसारखेच फ्रिजमध्ये. झाकण साखरेने चिकटून उघडेनासं झालं तर पकडीने पिळू नका, गरम पाण्यात भिजवलेला कपडा मिनिटभर गुंडाळा, आपोआप सुटतं, आणि दर वेळी ओतल्यावर बाटलीचं तोंड पुसायची सवय लावा. एवढं करूनही एखादी बाटली कोणाला आवडलीच नाही तर व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर अव्हेर्ना किंवा फर्नेट आणि वरून थोडी कडक ब्लॅक कॉफी, बाटली महिनाभरात संपते, आणि आइस्क्रीम मागणाऱ्या पोरांसाठी वेगळा बाऊल आधीच काढून ठेवा.